केंब्रिज टाळून जाणारा रस्ता

गुरुवार, २४ जुलै, सकाळी सात
ॲबरगव्हेनीजवळच्या कॅम्पसाइटवरून

प्रज्ञेश, जयभीम.

पुढे ‘सप्रेम’ लावलेलं नाही. विसरून नाही, मुद्दाम.

एकच विचारायचं आहे आणि खरं उत्तर हवं आहे. आईला तू काय शिकवून ठेवलं आहेस?

ती आमच्याकडे कार्डिफला येऊन पाच आठवडे झाले. तुला तारीख माहीत असणारच, मी तिकीट काढलं त्याच दिवशी कळली असेल. पाच आठवड्यांत तिनं तुझं नाव माझ्यासमोर एकदाही काढलं नाही. हेच मला खटकतं. सख्खा धाकटा मुलगा दोनशे मैलांवर राहतो आणि आई त्याचा विषय काढत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी पोटभर बोलून होत असणार.

कॅरॅव्हन घेऊन आम्ही चौघं निघालोय. मी, स्नेहल, अक्षया आणि आई. चार दिवस वेल्समध्ये झाले, आज नॉरफकच्या समुद्राकाठच्या साइटवर जायचं आहे. अडीचशे मैल. मागं कॅरॅव्हन बांधलेली असली की साठच्या वर जाता येत नाही, त्यात पहाटेपासून पाऊस धरलाय. दारापुढचा तंबू ओलाच गुंडाळून पिशवीत कोंबला. सोडवताना त्यातलं सगळं पाणी माझ्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. या अवस्थेत मी तुला पत्र लिहितोय, त्यावरून काय ते समज.

आई सहालाच तयार. कॅरॅव्हन अजून जोडलीही नव्हती आणि ही कारच्या मागच्या सीटवर जाऊन बसलेली, साडीवर स्वेटर, त्यावर स्नेहलचा रेनकोट, पर्स मांडीवर.

“सुहास, केंब्रिजवरून जायचं ना?”

“बघू, आई.”

“नकाशात तर वाटेतच दिसतंय.”

परवापर्यंत जिला कार्डिफ आणि लंडन शेजारी-शेजारी वाटत होतं, तिला नकाशा कुणी दाखवला?

मी अक्षयाला बाजूला घेऊन विचारलं. तिचं मराठी तुला आठवत असेल, दहा वर्षांची झाली तरी तसंच आहे. म्हणाली, “आजी रोज व्हॉइस नोट करतो ना, बाबा. शॉवर ब्लॉकच्या मागे जाऊन. काल म्हणाला, उद्या साडेसातला निघतोय आम्ही.”

म्हणजे आम्ही कधी निघणार, कुठून जाणार, सगळं तुझ्याकडे पोचतंय. मी रोज गाडी चालवणार आणि तू तिथं बसून आमचा माग काढणार. आता वाटेत कुठल्या तरी पेट्रोल पंपावर तू अचानक उभा असशील, आई रडेल, अक्षया ‘काका काका’ करेल, आणि माझ्याकडून ‘जाऊ दे’ वदवून घेतलं जाईल. असाच बेत आहे ना?

तर ऐक. मी जाऊ देणार नाही.

चार वर्षांपूर्वी अण्णा अडीच महिने खाटेवर होते. डिसेंबर, जानेवारी, अर्धा फेब्रुवारी. फुफ्फुसात गाठ. तू तिथं औरंगाबादला त्यांच्या उशाशी, आणि मी इथं हॉस्पिटलात रात्रंदिवस दुसऱ्यांच्या बापांच्या छातीचे एक्स-रे काढतोय. अकरा फेब्रुवारीला तुझा फोन आला तो ते गेल्याचाच. मी ओरडलो, आधी का नाही सांगितलं? तू म्हणालास, “माझाच निर्णय होता, दादा.” शांतपणे म्हणालास. त्याच वर्षी तुला इथली नोकरी मिळाली आणि तू केंब्रिजला हजर. अण्णाही तुझे, इंग्लंडही तुझं. पुढच्या एप्रिलमध्ये वॉटफर्डला जयंतीच्या कार्यक्रमात तू सगळ्यांसमोर हात पुढे केलास आणि मी तो घेतला नाही. आजही घेणार नाही.

मी रस्ता बदललाय. स्नेहललाही सांगितलेलं नाही. कव्हेंट्रीपाशी लेस्टरकडे वळणार, तिथून पीटरबरो, किंग्ज लिन. लांब पडेल, पण केंब्रिज चाळीस मैल बाजूला राहील. आईला बोर्ड वाचता येतात, पण या पावसात काचेतून तिला काय दिसणार आहे.


गुरुवार, दुपारी बारा
कव्हेंट्रीच्या अलीकडे, मोटरवे सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये

तुझ्यामुळे आज आम्ही चौघं मेलो असतो.

एम-फाइव्हवर माझं लक्ष आरशात होतं. मागच्या गाड्यांकडे नाही, आईकडे. तिनं रेनकोटच्या आत फोन धरला होता आणि एका बोटानं काहीतरी लिहीत होती. तेवढ्यात एक मोठी लॉरी शेजारून पाणी उडवत पुढे गेली आणि तिच्या वाऱ्यानं आमची कॅरॅव्हन डोलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, दर झोक्याला जास्त. कारचं मागचं अंग ओढलं जायला लागलं. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो. पाय काढून घ्यायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वाट बघायची. स्नेहलनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. थांबली एकदाची. मग अक्षया म्हणाली, “बाबा, सॅटनॅव्ह लेस्टर का दाखवतो?”

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. आईनं फोन पर्समध्ये ठेवला.

इथं थांबलो. स्नेहल आणि अक्षया चिप्स आणायला गेल्या. आई म्हणाली, चपला ओल्या झाल्यात, मागं कॅरॅव्हनमध्ये कोरड्या आहेत, किल्ली दे. दिली. वीस मिनिटं झाली तरी येईना म्हणून गेलो तर ही आत कोचावर मांडी घालून बसलेली. चपला हातात नाहीत, पायात नाहीत.

“आई, चल. निघायचंय.”

“मी इथनं उठणार नाही.”

“गाडी चालू असताना इथं बसता येत नाही. गुन्हा आहे. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“म्हणून तर इथं बसले.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती आत आहे तोवर मी ही कॅरॅव्हन एक इंचही हलवू शकत नाही. बाई धरणं धरून बसली आहे, मोटरवेच्या पार्किंगमध्ये! मी म्हटलं, इथं दोन तासच थांबता येतं, कॅमेरे आहेत. त्यावर म्हणाली, “नामांतराच्या वेळी अकरा दिवस हर्सूलच्या जेलात काढलेत मी. तुझ्या कॅमेऱ्याला काय भ्यायचं?”

मी बाहेर येऊन कारमध्ये बसलोय आणि हे लिहितोय. छपरावर नुसता ताशा वाजतोय. ही शक्कल तिची नाही, प्रज्ञेश. हे असं कायद्यात पकडणं तुझं आहे. तू लहानपणीही असाच होतास, कधी मारलं नाहीस, नियम दाखवायचास.

स्नेहल परत आली. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “सुहास, त्या बहात्तर वर्षांच्या आहेत आणि अनवाणी बसल्यात. जा, आणि एकदा तरी तू काहीही न बोलता ऐकून ये.”

जातो. पण तू शिकवलेलं पाठांतर ऐकायला चाललोय, हे मला माहीत आहे.


गुरुवार, संध्याकाळ
हंटिंग्डनजवळ, एका शेतातली साइट

प्रज्ञेश,

आज दुपारी काय झालं ते क्रमानं लिहितो. तुला फोनवर थोडं कळलं असेल, सगळं नाही.

मी आत गेलो, समोरच्या कोचावर बसलो. आईनं विचारलं, “अण्णा आजारी आहेत हे तुला कुणी नाही सांगितलं?”

“प्रज्ञेशनं.”

“मी नाही सांगितलं.”

मी म्हटलं, तू त्याला वाचवू नकोस. तेव्हा ती खूप चिडली. अण्णा गेल्यावरही तिला मी इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. म्हणाली, “गप बस. चार वर्षं त्यानं मला वाचवलं, आता तू मला बोलू दे.”

मग तिनं सांगितलं. डॉक्टरांनी निदान केलं त्याच आठवड्यात मी इथं कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरत होतो. पाच वर्षं पुरी झाली होती. अर्ज गेला की निकाल लागेपर्यंत देश सोडता येत नाही, सोडला तर अर्ज रद्द, हे मीच फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, त्याचा कागद होऊ द्या, मग बोलवा. आईनं मान्य केलं. जानेवारीत त्यांचा दम वाढला आणि ते म्हणायला लागले, बोलवा सुहासला.

“मी त्यांचं आधीचं ऐकलं,” आई म्हणाली. “नंतरचं नाही ऐकलं.”

मी विचारलं, मग त्यांना काय सांगितलंस?

ती हातातला पदर नुसता घडी करत होती, उलगडत होती. “सांगितलं की तुला कळवलंय. सुट्टी मिळाली की निघशील.”

बापानं रोज वाट बघितली आणि मी कळूनही येत नाही असं समजून डोळे मिटले. मला ओरडायचं होतं.

ती पुढे म्हणाली, “प्रज्ञेश फोन लावायला निघाला होता. दोनदा. मी त्याच्या हातातनं फोन काढून घेतला. म्हटलं, सुहासचं घरदार, पोरगी, सगळं त्या कागदावर आहे. तू फोन केलास तर मी तुझी आई नाही. ते गेले तेव्हा तू फोनवर ओरडत होतास आणि मी शेजारीच बसले होते. तो तुला म्हणाला, माझाच निर्णय होता. मी हाताला धरलं त्याच्या, तर फोन ठेवल्यावर म्हणाला, ‘आई, दादाला कुणावर तरी राग काढायचाच आहे. माझ्यावर काढू दे. तुझ्यावर काढला तर तू एकटी पडशील.’”

मी विचारलं, आज कशाला सांगतेस? ती म्हणाली, “रविवारच्या पुढच्या रविवारी माझं विमान आहे. मी परत येईन, न येईन. त्याच्याकडे मला एकटीला बसमध्ये बसवून पाठवू नको. तुम्ही दोघं एकत्र दिसा मला एकदा. तो म्हणतो, नको आई, दादाला काही सांगू नको. रोज व्हॉइस नोटमध्ये मी तेच विचारते, सांगू का? आणि रोज तो नको म्हणतो.”

मी समजत होतो तू तिला पढवतोयस.

तिनंच तुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तू पहिलं म्हणालास, “का सांगितलंस, आई? आपलं ठरलं होतं.” मी म्हटलं, “प्रज्ञेश.” मग म्हणालास, “दादा, गाडी चालवतोयस ना? फार पाऊस आहे. नीट जा. आपण नंतर बोलू.” आणि खरंच ठेवलास.

मला राग आला नाही. तुझ्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं, कारण ते मी हॉस्पिटलात रोज वापरतो. हा माणूस आता काय करेल, याचा भरवसा नाही, असं वाटतं तेव्हा मी तसाच हळू बोलतो.

आई उठली, कोरड्या चपला घातल्या, कारमध्ये येऊन बसली. दोन तासांना नऊ मिनिटं कमी होती. मी लेस्टरचा रस्ता काढून टाकला. नॉरफकला उशिरा येऊ म्हणून कळवलं, आणि इथं एका शेतकऱ्याच्या साइटवर दोन रात्रींसाठी जागा मिळाली. गवतात शिरताना चाकं रुतली. त्या म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर लावून ओढलं आणि ओढताना वेल्सच्या लोकांबद्दल काहीतरी विनोद केला. आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा, तिला काही कळलं नव्हतं तरी.

उद्या कॅरॅव्हन इथंच ठेवून मी एकटा कार घेऊन तुझ्याकडे येतोय. आईला आज सांगितलेलं नाही. तू दार उघडशील की नाही मला माहीत नाही, तिला कशाला आशेवर ठेवायचं.


मंगळवार, २९ जुलै
नॉरफक

प्रज्ञेश,

शुक्रवारी तू साखळी न काढता दार उघडलंस. फटीतून माझं तोंड बघून विचारलंस, “आईला काही झालं का?” मी नाही म्हटलं. तरीही साखळी काढायला तुला वेळ लागला. बरोबरच आहे. मी असतो तर काढली नसती.

मी माफी मागितली तेव्हा तू पाठ करून किटली भरत होतास आणि “हो, हो” म्हणालास, जसं दारावर आलेल्या माणसाला म्हणतात. मग मला विचारलंस, साखर किती. एका ताटात जेवलेल्या भावाला साखर विचारावी लागली. दोन चमचे, अजूनही.

अण्णांचं तू सांगितलंस ते मी परत-परत आठवतो. खाट खिडकीपाशी सरकवली होती, दाढी तू करायचास, डाव्या गालावर ते हसायचे. संध्याकाळी विचारायचे, सुहास निघाला का. मी विचारलं, शेवटी काय म्हणाले? तू बाहेर बघत म्हणालास, “झोपेत गेले, दादा. काही नाही बोलले.” ते मला खोटं वाटलं. संशयाची सवय आहे, चार दिवसांत जाणार नाही. पण मी पुढे विचारलं नाही. ते तुझ्याकडेच राहू दे.

तुझ्याकडून निघताना तू गल्लीच्या टोकापर्यंत आलास आणि म्हणालास, “आता सगळं बोलून झालं ना, दादा?” मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. म्हणून हे पत्र. आधीची तिन्ही यासोबतच पाठवतोय. पहिली दोन फाडणार होतो, मग म्हटलं, वाच. मी किती सहज तुझ्यावर काहीही रचत होतो ते तुला दिसू दे. आणि का रचत होतो, ते आता सांगतो.

नऊ जानेवारी, रविवार. मी घरी फोन केला होता. आईनं कॅमेरा चालत नाही म्हणून नुसता आवाज चालू ठेवला. अण्णांना फोन दिला. ते म्हणाले, “जेवलास... का?” तीन शब्दही नव्हते, दोनच, आणि मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. मग विचारलं, “अक्षया... बरीय?” पुन्हा तसंच.

प्रज्ञेश, माझं कामच ते आहे. टेबलावर आलेल्या माणसाला मी म्हणतो, श्वास घ्या, धरून ठेवा, आणि तो किती वेळ धरू शकतो त्यावरून मला पडद्याआधीच कळतं. त्या रविवारी मला कळलं. पुरतं नाही, नाव नाही, पण छातीत काहीतरी मोठं आहे एवढं कळलं. मी आईला विचारलं, अण्णांना दम लागतोय का? ती म्हणाली, “थंडी फार आहे इकडे.” आणि मी म्हटलं, “हां, जपा.”

ते उत्तर मी घेतलं, कारण मला तेच हवं होतं. अर्ज जाऊन साडेतीन आठवडे झाले होते. अजून एक प्रश्न विचारला असता तर आईला खोटं टिकवता आलं नसतं, मला निघावं लागलं असतं. मी तुलाही फोन करू शकत होतो. तू खरं सांगितलं असतंस, म्हणूनच केला नाही. फोन ठेवून मी स्नेहलला म्हटलं, घरी सगळे ठीक आहेत. तिलाही हे आजवर सांगितलेलं नाही. नंतर महिनाभर मी दर रविवारी फोन लवकर ठेवला.

दोन मार्चला कागद आला. अण्णांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मी तो कागद वाचला आणि तुझ्यावर आणखी चिडलो. तुझ्यावरचा संशय सोडला असता तर तो सरळ माझ्याकडे आला असता.

आई चार वर्षं समजतेय की तिनं एकटीनं मला अण्णांपासून तोडलं. गुरुवारपासून तर तिचं जेवण निम्म्यावर आलंय. काल समुद्राकाठी स्नेहलला म्हणाली, “सुहास काही बोलत नाही मला, बोलला असता तर बरं झालं असतं.” तिला वाटतं, मी तिला माफ करत नाहीये.

शनिवारी तू येतो आहेस. अकराच्या आत ये, पार्किंग भरतं. मी गेटवर थांबेन. दुपारी जेवणं झाली की स्नेहल आणि अक्षया वाळूत जातील आणि आपण तिघंच उरू. तेव्हा मी आईला नऊ जानेवारीचं सांगणार आहे. ती म्हणेल, तुला कसं कळणार होतं रे, फोनवर. तूही लगेच ‘हो ना, दादा’ म्हणशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव. ते करू नकोस. मध्ये पडू नकोस, माझ्या वतीनं काही बोलू नकोस.

तू फक्त तिच्या शेजारी बस. या वेळी बोलायचं काम माझं.

सुहास